वळीव अवकाळी कसा झाला

मार्च उजाडला की विदर्भ-मराठवाड्यात हवामानाच्या बातम्यांना दोन ठरावीक शब्द चिकटतात: उष्णतेची लाट आणि अवकाळी. एकाच आठवड्यात दोन्हीही. सोमवारी पारा 43 वर, गुरुवारी विजांसह वादळी पाऊस. यात चमत्कारिक काही नाही, कारण हे वादळ त्याच उन्हाच्या पोटी जन्मतं. बदललंय ते वेगळंच. याच पावसाला आपल्याकडे वळीव म्हणत आणि त्याची वाट पाहत. नांगरून तापवलेल्या जमिनीवर तो पडला की ढेकळं फुटायची, वखरणी सोपी व्हायची, विहिरीला थोडा दम यायचा. त्याच सरीला आता अवकाळी म्हणतात आणि तिच्यामागून पंचनामे येतात.

आधी ऊन. सातपुडा आणि अजिंठ्याचे डोंगर यांच्यामध्ये पूर्णा नदीचं सखल मैदान आहे, जुन्या वऱ्हाडी भाषेत पयनघाट. समुद्र लांब, जमीन काळी, मार्चनंतर आभाळ बहुधा कोरडं आणि वारा वायव्येचा, म्हणजे राजस्थान-गुजरातकडून तापून आलेला. अकोला साधारण 20.7 अंश उत्तरेला असल्याने सूर्य तिथे बरोबर डोक्यावर येतो तो मेच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात. सूर्य रोहिणी नक्षत्रात शिरल्यावर, 25 मेच्या सुमारास, नवतपा लागतो असं गावोगावी सांगतात. हिशेब नक्षत्रांचा असला तरी तो खगोलाशी फारसा फटकून नाही. नागपुरात 47.9 अंशांची नोंद झाली ती 2013 च्या 23 मे रोजी.

हा आकडा सावलीतला असतो, जमिनीपासून सव्वा मीटरवर, हवा खेळत्या पांढऱ्या लाकडी पेटीतला. उघड्या काळ्या मातीचा पृष्ठभाग त्याच दुपारी 60 च्या वर जातो. मोजणीची शिस्त सुटली की काय होतं ते 2024 च्या मेअखेरीस दिसलं. नागपुरातल्या एका स्वयंचलित केंद्राने 56 अंश दाखवले, देशभर बातमी झाली, आणि नंतर हवामान विभागाने सेन्सर बिघडल्याचं जाहीर केलं.

‘लाट’ या शब्दाचाही हिशेब आहे. मैदानी भागात कमाल तापमान 40 च्या वर हवं आणि सरासरीपेक्षा किमान साडेचार अंशांनी जास्त हवं, किंवा सरळ 45 ला पोचायला हवं. हीच स्थिती हवामान उपविभागातल्या (जसा अख्खा विदर्भ) किमान दोन केंद्रांवर सलग दोन दिवस राहिली, तर दुसऱ्या दिवशी लाट जाहीर होते. आता अकोल्याची मेमधली सरासरीच 42 च्या आसपास. म्हणजे 44 अंशांत कपाशीच्या पऱ्हाट्या उपटणाऱ्या बाईला कागदावर लाट लागत नाही. सरासरी जिथे मुळात उंच, तिथे ही व्याख्या जरा निबरच आहे.

आता वादळ. जमीन तापली की हवा वर चढते, पण नुसत्या गरम कोरड्या हवेतून वावटळ उठेल, पाऊस नाही. त्याला ओल लागते आणि ती बंगालच्या उपसागरावरून येते, कधी अरबी समुद्रावरून. एप्रिल-मेमध्ये मध्य भारतापासून खाली कर्नाटक, केरळ, तमिळनाडूपर्यंत जमिनीपासून साधारण किलोमीटरभर उंचीवर एक पट्टा तयार होतो. त्याच्या एका अंगाला कोरडे वारे, दुसऱ्या अंगाला दमट. हवामान विभागाच्या पत्रकात ‘दक्षिणोत्तर कमी दाबाचा पट्टा’ येतो तो हाच. तो जिकडे सरकेल तिकडे दुपारनंतर ढग उभे राहतात.

गारा पडण्याची तऱ्हा थोडी निराळी. फेब्रुवारी-मार्चमध्ये उत्तरेतून पश्चिमी विक्षोभ, म्हणजे पश्चिमेकडून येणाऱ्या वादळी हवेच्या लाटा, जातात आणि वरच्या थरात थंड हवा आणतात. हवा शून्य अंशाला पोचते ती पातळी तेव्हा खाली असते, त्यामुळे गार वितळायच्या आत जमिनीवर पोचते. मेमध्ये ती पातळी वर सरकते, ढग उंच असले तरी बरीच गार वाटेतच पाणी होते. 2014 ची गारपीट फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत पुन्हा पुन्हा झाली. विदर्भ, मराठवाडा, मध्य महाराष्ट्र, कोणी सुटलं नाही. गहू, हरभरा, ज्वारी काढणीला आलेली, संत्रा आणि द्राक्षबागा उभ्या. त्या पंधरवड्यानंतर उन्हाळ्याच्या अंदाजाकडे शेतकऱ्याने बघण्याची नजरच बदलली.

आणि इथे खरा प्रश्न येतो: अंदाजाचं शास्त्र मार्च ते मे या तीन महिन्यांकडे इतक्या उशिरा का वळलं? कारण ते जन्मलंच पावसाळ्यासाठी. 1864 चं कलकत्त्याचं चक्रीवादळ, मग 1866 आणि 1871 मध्ये हुकलेला पाऊस, दुष्काळ, या धक्क्यांनंतर 1875 मध्ये भारतीय हवामान विभाग स्थापन झाला. त्याचे पहिले प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड हिमालयातल्या बर्फावरून पावसाळ्याचा अदमास घ्यायचे आणि त्यांचा पहिला रीतसर हंगामी अंदाज 1886 च्या 4 जूनला आला. पुढे गिल्बर्ट वॉकर यांनी जगभरच्या हवेच्या दाबाचे आकडे जुळवले, तेही मान्सूनसाठीच. 1932 मध्ये पुण्यात एल. ए. रामदास यांच्या नेतृत्वाखाली कृषी हवामानशास्त्राचा विभाग निघाला, 1945 पासून आकाशवाणीवर शेतकऱ्यांसाठी हवामानवार्ता सुरू झाली, 1976 पासून राज्यांच्या मदतीने कृषी सल्ला. या साऱ्याचा कणा मात्र जून ते सप्टेंबर. उन्हाळा म्हणजे दोन हंगामांमधली रिकामी जागा.

लोकपरंपराही तशीच. बुलडाणा जिल्ह्यात जळगाव जामोद तालुक्यातल्या भेंडवळला अक्षय्य तृतीयेला घटमांडणी होते. शेतात घट आखून भोवती धान्य मांडतात, मधल्या खड्ड्यात मातीची चार ढेकळं ठेवून त्यावर घागर, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पाहून भाकीत सांगतात. ढेकळं चार, कारण पावसाळ्याचे महिने चार. मांडणीवर विश्वास ठेवा किंवा ठेवू नका, वर्षाचा हिशेब कुठून कुठवर होता ते त्या खड्ड्यात दिसतं. अलीकडच्या भाकितांत अवकाळीही डोकावू लागला आहे.

कारण वावर आता रिकामं नसतं. खारपाणपट्ट्यात, जिथे जमिनीखालचं पाणीच खारं, तिथे अजूनही खरीप आणि हरभऱ्यावरच वर्ष निघतं. पण सातपुड्याच्या पायथ्याशी, वरुड-मोर्शी-अचलपूर-अकोटच्या बाजूला, विहिरी आणि बोअरवर संत्रा, केळी, उन्हाळी भुईमूग उभा असतो. हिंगोली-वसमतकडे शिजवलेली हळद खळ्यावर वाळत पडलेली असते. संत्र्याचं तर दुहेरी दुखणं. आंबिया बहाराची, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीतल्या फुलोऱ्याची, लहान फळं एप्रिल-मेमध्ये झाडावर असतात, पारा चढला की गळतात, वादळात झडतात. मृग बहार धरायचा तर याच दिवसांत झाडाला पाणी तोडून ताण द्यावा लागतो, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडावर फूल निघतं. त्यात मेमध्ये वीस-पंचवीस मिलिमीटरचा वळीव येऊन गेला की ताण तुटतो. ज्या सरीने आजोबांची वखरणी सोपी केली ती नातवाचा बहार घालवते.

अंदाजाची साधनंही गेल्या दोन दशकांतच या ऋतूकडे वळली. जिल्हानिहाय अंदाज 2008 पासून मिळू लागला. उन्हाळ्याचा हंगामी अंदाज हवामान विभाग 2016 पासून देतो. त्यात रोजचं तापमान नसतं, फक्त एप्रिल ते जून हा काळ सरासरीच्या वर राहील की खाली याचा कल असतो. एल निनो (प्रशांत महासागराचं पाणी नेहमीपेक्षा तापणं) असलेल्या हिवाळ्यानंतरचा उन्हाळा बहुधा तापतो, 2016 आणि 2024 ही जवळची उदाहरणं. दर गुरुवारी पुढच्या चार आठवड्यांचा अंदाज येतो, त्याखाली पाच दिवसांचा, आणि शेवटी रडारवरून पुढच्या तीन तासांचा. शिवाय पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं ‘दामिनी’ ॲप जवळपास वीज पडत असेल तर इशारा देतं.

यातला सगळ्यात गैरसमजाचा शब्द ‘तुरळक ठिकाणी’. त्याचा अर्थ पाऊस थोडा असा नाही आणि शक्यता कमी असाही नाही. त्या भागातल्या पंचवीस टक्क्यांपर्यंत केंद्रांवर पाऊस पडेल, एवढाच तो सांगतो. ‘काही ठिकाणी’ म्हणजे निम्म्यापर्यंत. पिवळा रंग लक्ष ठेवायला सांगतो, नारिंगी तयारीत राहायला. उन्हाळी वादळाचा ढग काही किलोमीटरचा आणि तासाभराच्या आयुष्याचा. त्यामुळे जिल्ह्यावर पिवळा रंग असताना एका गावात संत्र्याचा सडा पडतो आणि शेजारच्या गावात नुसता धुरळा उडतो.

भरपाईची घडीही अशीच जुन्या मापाची. केंद्राच्या आपत्तींच्या यादीत गारपीट आधीपासून होती, वीज आणि उष्णतेची लाट मात्र बराच काळ नव्हत्या. महाराष्ट्राने वीज कोसळणं आणि अवेळी पाऊस राज्यापुरते आपत्तीत धरले. फळपीक विमा हवामानाच्या नोंदीवर चालतो आणि ती नोंद होते महसूल मंडळातल्या स्वयंचलित केंद्रावर. एका मंडळात गावं अनेक, केंद्र बहुधा एकच. ढग केंद्राला चुकवून बागेवरून गेला, तर पर्जन्यमापक कोरडा राहतो आणि त्या दिवसाची नोंद शून्य अशीच जाते.