पांढऱ्या आकाशाची गोष्ट

सूर्य कलताना कॅमेरा लावायचा, तो ‘सोनेरी प्रहर’ साधायचा, हे आज नवशिक्यालाही ठाऊक असते. पहिल्या छायाचित्रकारांना मात्र या उजेडाचा फारसा उपयोग नव्हता. त्यांच्या प्लेटला, म्हणजे चित्र टिपणाऱ्या रसायन लावलेल्या पत्र्याला किंवा काचेला, पिवळा-तांबडा रंग जवळपास दिसतच नसे.

फ्रेंच संशोधक निसेफोर नीएप्सने 1826-27च्या सुमारास खिडकीतून टिपलेले दृश्य हे आज शिल्लक असलेले सर्वांत जुने कॅमेराचित्र. त्याला निदान आठ तास लागले असावेत. तेवढ्यात सूर्य या टोकापासून त्या टोकाला गेला आणि समोरासमोरच्या भिंतींवर एकाच चित्रात ऊन पडले. उजेडाची दिशा, सावलीची लांबी असे काही निवडायला वावच नव्हता.

1851मध्ये ओल्या कोलोडिअनची पद्धत आली, म्हणजे काचेवर या चिकट द्रवाचा थर देऊन तो ओला असतानाच चित्र घ्यायचे, आणि एक्सपोजर, म्हणजे प्लेटवर उजेड पडू देण्याचा वेळ, सेकंदांवर उतरले. तरी प्लेट निळ्या प्रकाशालाच भुकेलेली. जमीन नीट उमटेपर्यंत आकाश जळून कोरे पांढरे होई, ढग गायब. फ्रेंच छायाचित्रकार गुस्ताव ल ग्रे याने 1857च्या समुद्रचित्रात यावर तोड काढली: लाटांची एक निगेटिव्ह, आकाशाची दुसरी, आणि दोन्हींचा सांधा क्षितिजरेषेवर. याला कोणी फसवणूक म्हणो. मला तरी तो उजेडाचा पहिला जाणता वापर वाटतो.

1873मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ हेरमान फोगेलला आढळले की इमल्शनमध्ये, म्हणजे प्लेटवरच्या उजेड टिपणाऱ्या थरात, रंगद्रव्य मिसळले की प्लेट इतर रंगही टिपू लागते. 1906च्या सुमारास सर्व रंगांना जागणाऱ्या पॅनक्रोमॅटिक प्लेटा बाजारात आल्या, आणि रंगीत फिल्टरला खरा अर्थ मिळाला. 10 एप्रिल 1927 रोजी कॅलिफोर्नियातल्या योसेमिटी दरीत हाफ डोम या डोंगराच्या कड्यासमोर अमेरिकी छायाचित्रकार अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्सकडे दोनच प्लेटा उरल्या होत्या. पहिली त्याने पिवळ्या फिल्टरने घेतली. मग वाटले, कड्याचा दरारा यात उतरणार नाही. शेवटची प्लेट गडद लाल फिल्टरने घेतली, त्याने निळा उजेड अडवला आणि निळे आकाश जवळपास काळे झाले.

1941मध्ये अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यातल्या हर्नांडेझ गावावर चंद्र उगवताना त्याला लाइटमीटर, म्हणजे उजेड मोजायचे यंत्र, सापडेना. चंद्राची तेजस्विता पाठ होती, तीवरून एक्सपोजर ठरवले. दुसरी प्लेट घेण्याआधीच गावातल्या दफनभूमीतल्या क्रुसांवरचे ऊन सरले. (त्या चित्रातले काळेभोर आकाश मात्र पुढे अनेक वर्षे डार्करूममध्ये गडद होत गेले, सुरुवातीच्या प्रिंटांत ते बरेच फिके आहे.)

1935च्या कोडाक्रोम या रंगीत स्लाइड फिल्मनंतर उजेडाचा रंगच चित्राचा विषय होऊ लागला. पण उजळ आणि काळोखे भाग एकदम टिपण्याची स्लाइड फिल्मची झेप तोकडी: आकाश सांभाळावे तर दरी काळी. म्हणून वर गडद, खाली पारदर्शक असा ग्रॅज्युएटेड फिल्टर लेन्सपुढे लावत. डिजिटलमध्ये तोही अनेकांनी ठेवून दिला. आता आकाशासाठी एक एक्सपोजर, जमिनीसाठी दुसरे घेतात आणि संगणकावर जोडतात. सांधा बहुतेकदा क्षितिजरेषेवरच असतो.