ओरॅकलमधली सेशन ट्रेस फाइल
ओरॅकल डेटाबेसमध्ये एखाद्या सेशनने (म्हणजे डेटाबेसशी झालेल्या एका जोडणीने) कुठल्या क्वेऱ्या चालवल्या, त्या पार्स व्हायला (म्हणजे डेटाबेसने समजून घ्यायला), चालायला, रो आणायला किती वेळ गेला आणि मधे कशासाठी थांबावं लागलं, हे सगळं क्रमाने जिच्यात लिहिलं जातं ती सेशन ट्रेस फाइल. साधी टेक्स्ट फाइल असते, एक्स्टेन्शन टीआरसी.

खरा गोंधळ होतो तो फाइल शोधताना. ती आपल्या मशीनवर नसतेच, डेटाबेस सर्व्हरवर असते, कारण ती लिहिते सर्व्हर प्रोसेस. आणि नावात एसआयडी, म्हणजे सेशनचा नंबर, नसतो, त्या प्रोसेसचा ओएसमधला नंबर असतो, म्हणजे इन्स्टन्सचं (चालू असलेल्या डेटाबेसचं) नाव ओआरसीएल आणि प्रोसेस 18342 असेल तर नाव ओआरसीएल_ओरा_18342, त्यामुळे एसआयडी घेऊन फोल्डर धुंडाळत बसलं तर हाती काहीच लागत नाही. ओरॅकलच्या 11जी आवृत्तीपासून व्ही डॉलर प्रोसेसमध्ये (चालू प्रोसेसची माहिती देणारा, टेबलासारखा व्ह्यू) ट्रेसफाइल नावाचा कॉलम आहे, तो व्ही डॉलर सेशनला जोडला (सेशनचा पीएडीडीआर म्हणजे प्रोसेसचा एडीडीआर) की पूर्ण पाथ मिळतो. स्वतःच्याच सेशनची हवी असेल तर व्ही डॉलर डायग इन्फोमधली 'डिफॉल्ट ट्रेस फाइल' ही ओळ बघायची. 10जी आणि त्याआधी यूझर डंप डेस्ट पॅरामीटर बघावा लागायचा.

दुसऱ्याच्या सेशनचा ट्रेस चालू करायला डीबीएमएस मॉनिटर पॅकेजमधलं सेशन ट्रेस इनेबल वापरतात, त्याला एसआयडी आणि सिरियल नंबर दोन्ही द्यायचे, कारण सेशन संपलं की तोच एसआयडी दुसऱ्याला मिळतो. वेट्स (थांबण्याच्या नोंदी) आपोआप चालू असतात पण बाइंड्स (क्वेरीत बाहेरून भरलेल्या व्हॅल्यू) बंद, आणि इथेच लोक फसतात: क्वेरी एका ठरावीक व्हॅल्यूलाच रखडत असेल तर बाइंड्सशिवाय ती व्हॅल्यू दिसणारच नाही. जुन्या पद्धतीत इव्हेंट 10046 (ट्रेस चालू करणारी ओरॅकलची अंतर्गत सेटिंग) लावतात, लेव्हल 4 म्हणजे बाइंड्स, 8 म्हणजे वेट्स, 12 म्हणजे दोन्ही. मात्र बाइंड्स घेतले की ग्राहकांचा डेटा उघडउघड फाइलमध्ये उतरतो, म्हणून फाइल कुणालाही पाठवण्याआधी तपासून घ्यावी.

कनेक्शन पूल (अनेक यूझर्सनी वाटून वापरायच्या तयार जोडण्या) असेल तर एकाच यूझरचं काम चार सेशनमध्ये विखुरतं, मग क्लायंट आयडेंटिफायरवर (अॅप्लिकेशनने यूझरला दिलेल्या ओळखीवर) ट्रेस लावून ट्रेससेस टूलने फाइली एकत्र कराव्या लागतात. फाइलमध्ये 'डीबी फाइल सिक्वेन्शिअल रीड'च्या (डिस्कवरून ब्लॉक वाचण्यासाठी थांबण्याच्या) ओळीवर इलॅप्स्ड 8200 दिसलं तर ते मायक्रोसेकंद, म्हणजे एक ब्लॉक वाचायला 8.2 मिलिसेकंद. टीकेप्रोफ हे ओरॅकलचं टूल याच ओळींच्या बेरजा करून देतं, पण नेमका कुठला रीड अडकला ते कच्च्या फाइलमध्येच दिसतं. काम झालं की सेशन ट्रेस डिसेबल आठवणीने चालवावं, नाहीतर फाइल वाढत राहते आणि डिस्क भरते.