विद्युत परिपथ

उद्गमापासून निघालेला विद्युत प्रवाह पुन्हा उद्गमापर्यंत पोहोचू शकेल अशा वाहकांच्या सलग व बंद मार्गाला विद्युत परिपथ म्हणतात. विद्युत मंडल ही संज्ञाही मराठीत रूढ आहे. स्विच उघडल्याने वा फ्यूजची तार वितळल्याने हा मार्ग एका जागी तुटला, तरी त्यातील प्रवाह सर्वत्र थांबतो.

प्रवाह अँपिअरमध्ये, विद्युत दाब (व्होल्टेज) व्होल्टमध्ये आणि रोध, म्हणजे प्रवाहाला होणारा अडथळा, ओहममध्ये मोजतात. गेओर्ग ओहम यांनी १८२७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या नियमानुसार, तापमान कायम असताना धातूच्या वाहकातील प्रवाह त्याच्या दोन टोकांमधील दाबाच्या समप्रमाणात असतो. गुस्टाफ किरखोफ यांनी १८४५ मध्ये मांडलेले दोन नियम गुंतागुंतीच्या परिपथांना लागू पडतात : जोडबिंदूत येणारा एकूण प्रवाह तेथून निघणाऱ्या प्रवाहाइतकाच असतो आणि कोणत्याही बंद फेरीतील दाबवाढ व दाबघट यांची बेरीज शून्य येते.

परिपथाचे मूलभूत घटक तीन. रोधक ऊर्जेचे उष्णतेत रूपांतर करतो, धारित्र (कपॅसिटर) ती विद्युत क्षेत्रात आणि वेटोळ्याच्या रूपातील प्रवर्तक ती चुंबकीय क्षेत्रात साठवतो. आकृतीत मात्र तार नुसती रेघ म्हणून काढली जाते व तिचा रोध शून्य धरला जातो. पाठ्यपुस्तकातील ही सोय शेतावर महागात पडते.

खानदेशात, विशेषतः रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात, पाणी खोल गेल्याने बोअरमध्ये सोडायच्या केबलची लांबीही वाढली आहे. समजा, १०० मीटर खोलीवरील सिंगल फेज पाणबुडी मोटार ७ अँपिअर प्रवाह घेते आणि केबलमधील तांब्याच्या तारेचा छेद (आडव्या कापाचे क्षेत्रफळ) २.५ चौरस मिलिमीटर आहे. जाऊन-येऊन २०० मीटर तारेचा रोध सुमारे १.४ ओहम भरतो. म्हणजे जवळपास १० व्होल्ट दाब केबलमध्येच खर्च होतो आणि सुमारे ७० वॅट शक्ती उष्णतेच्या रूपाने वाया जाते. वरती २३० व्होल्ट असले, तरी मोटारीला ढोबळमानाने २२० व्होल्टच मिळतात. मोटार सुरू होताना प्रवाह कित्येक पटींनी वाढतो, त्यामुळे त्या क्षणी ही घट कितीतरी मोठी असते. त्यात डीपीवरूनच (गावातील वीज वितरणाच्या रोहित्रावरूनच) दाब कमी येत असेल, तर मोटार उचलत नाही, नुसती घुमते आणि तशीच चालू ठेवल्यास तिचे वाइंडिंग जळते. तारेचा छेद ४ चौरस मिलिमीटर घेतल्यास १० व्होल्टची घट सुमारे ६ व्होल्टांवर येते. ॲल्युमिनियमची तार वापरायची, तर तेवढ्याच रोधासाठी तांब्याच्या सुमारे १.६ पट छेद लागतो.

शेतीपंपाच्या स्टार्टरशेजारी बसवलेल्या कपॅसिटरने बोअरमधील केबलचाही भार हलका होतो, असा गैरसमज बराच आहे. मोटारीच्या वेटोळ्यांना चुंबकीय क्षेत्रासाठी लागणारा, परंतु प्रत्यक्ष काम न करणारा प्रवाह तो जागेवरच पुरवतो. त्यामुळे डीपीपासून स्टार्टरपर्यंतच्या तारांतील प्रवाह घटतो आणि त्याच डीपीवरील शेजाऱ्यालाही थोडा बरा दाब मिळतो. बोअरमधील केबलचा भार मात्र त्याने हलका होत नाही, कारण तेथील प्रवाह कपॅसिटरच्या पुढचा असतो.