गळाची उन्हाळी मासेमारी (मराठवाडा)

वेळूची काठी, तंगूस (नायलॉनचा दोरा), गळ आणि आमिष यांच्या साहाय्याने तलावाच्या काठावरून एकेक मासा धरण्याची पद्धत. मराठवाड्यात ती गोदावरीवरील जायकवाडी धरणाचा नाथसागर, मांजरा, माजलगाव, येलदरी व सिद्धेश्वर हे जलाशय आणि गावोगावचे पाझर तलाव यांच्या काठी आढळते. पोटापाण्याची मासेमारी जाळ्यांनी होते. गळ हा मुख्यतः हौशी माणसाचा.

थंड प्रदेशांत पिसे आणि दोरा गुंडाळून केलेली कृत्रिम माशी पाण्यावर फेकून ट्राउट धरतात. ब्रिटिश अमदानीत भारतात आणलेला हा मासा काश्मीर आणि निलगिरीच्या गार पाण्यात रुजला. मराठवाड्यात मात्र तो तगणार नाही. एक लिटर गोड्या पाण्यात १० अंश सेल्सिअसला सुमारे ११ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो, तर ३० अंशांना जेमतेम साडेसात; त्यातच पाणी तापले की माशाची प्राणवायूची गरज वाढते.

हाच हिशेब स्थानिक माशांनाही लागू आहे. चैत्र-वैशाखात पाणी आटून हिरवट झालेल्या तलावात शेवाळ रात्रभर प्राणवायू वापरते, त्यामुळे त्याचे प्रमाण पहाटे सर्वांत कमी असते आणि रोहू, कटला आमिषाकडे न बघता पृष्ठभागाशी तोंड उघडून राहतात. भल्या पहाटे गळ टाकावा, हा सर्रास दिला जाणारा सल्ला अशा पाण्यात फसवा ठरतो. मोठ्या जलाशयात, वारा पाणी हलवत असताना, तो लागू पडतो.

मरळ या नियमाला अपवाद आहे. डोक्यातील विशेष श्वसनेंद्रियामुळे तो थेट हवा घेतो, किंबहुना हवा घ्यायला त्याला वर यावेच लागते. पाण्यावर उठलेल्या बुडबुड्यावरून जाणकार त्याची जागा ओळखतात आणि जवळच जिवंत बेडूक किंवा लहान मासा लावलेला गळ सोडतात. उन्हाळी गळाचा खरा मासा हाच म्हणावा लागेल. रोहूसाठी कणकेचा गोळा पुरतो.

नाथसागर पक्षी अभयारण्यात मोडतो आणि इतर जलाशयांचे मासेमारीचे हक्क बहुधा सहकारी संस्थांना ठेक्याने दिलेले असतात. त्यामुळे परवानगी लागते. २०१६ च्या उन्हाळ्यात मांजरा धरण आटून लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. अशा वर्षानंतर तलावात मत्स्यबीज पुन्हा सोडावे लागते, कारण कटला व रोहू साचलेल्या पाण्यात सहसा अंडी घालत नाहीत.