कलम ५६ आणि वसाहती

युरोपीय मानवी हक्क कराराच्या इतिहासावर गेल्या पंचवीसेक वर्षांत जे लिहिलं गेलं, त्यात एक अडगळीतलं कलम वारंवार वर येतं: तेव्हाचं ६३, आताचं ५६. करार वसाहतींना आपोआप लागू नाही; सत्ताधारी देशाने वेगळी घोषणा केली तरच, आणि तेव्हाही ‘स्थानिक गरजा’ बघून.

४ नोव्हेंबर १९५० ला रोममध्ये सह्या झाल्या. त्याआधी ऑगस्टमध्ये स्ट्रासबर्गला, करार घडवणाऱ्या युरोप परिषदेच्या सल्लागार सभेत, सेनेगलचे लेओपोल्ड सेंघोर, तेव्हा फ्रान्सचे खासदार, या कलमाविरुद्ध बोलले. अशाने ही सनद माणसाच्या हक्कांची न राहता युरोपीय माणसाच्या हक्कांची होईल, हा त्यांचा मुद्दा सभेला पटला. सरकारांना नाही.

ब्रिटनने १९५३ मध्ये ४२ प्रदेशांना करार लावला. हे औदार्य फारसं महागात पडणारं नव्हतं, कारण व्यक्तीला तक्रारीची मुभा ब्रिटनने १९६६ पर्यंत दिलीच नाही. पण एक देश दुसऱ्याविरुद्ध जाऊ शकत होता. १९५६ मध्ये ग्रीसने तेव्हा ब्रिटिश वसाहत असलेल्या सायप्रसवरून ब्रिटनविरुद्ध तक्रार केली: संचारबंदी, सामूहिक दंड, कोवळ्या पोरांना फटके. फटक्यांचा नियम ब्रिटनला तक्रार चालू असतानाच गुंडाळावा लागला. कायद्याचे इतिहासकार ब्रायन सिम्पसन यांनी २००१ मध्ये सरकारी दप्तरं उपसून हे सगळं मांडलं. २०१७ मध्ये इतिहासकार मार्को डुरांटी यांनी दुसरी बाजू उघडी केली: कराराच्या पुरस्कर्त्या हुजूरपक्षीयांना घरच्या समाजवाद्यांचीही धास्ती होती. फ्रान्सने मंजुरी दिली थेट १९७४ मध्ये, अल्जीरिया हातून गेल्यावर बारा वर्षांनी. गोव्याचा तर प्रश्नच आला नाही. पोर्तुगाल करारात आला १९७८ ला.

त्याच वर्षीचा, ब्रिटिश राजसत्तेखालच्या पण स्वतःचे कायदे असलेल्या आइल ऑफ मॅन बेटाचा खटला कायद्याच्या विद्यार्थ्यांना पाठ असतो. पंधरा वर्षांच्या मुलाला पोलीस चौकीत टेबलावर ओणवं केलं, दोघांनी धरलं, तिसऱ्याने बर्चच्या छडीचे तीन फटके मारले; पहिल्याच फटक्याला छडीचे तुकडे उडाले. करार हा ‘जिवंत दस्तऐवज’ आहे, हे प्रसिद्ध वाक्य याच निकालातलं. याच निकालात ‘स्थानिक गरजा’ ही सबबही फेटाळली गेली, तिकडे मात्र सहसा कुणी बघत नाही.

कलम अजून जागेवर आहे. हिंदी महासागरातल्या दिएगो गार्सियासह चागोस बेटांवरून ब्रिटनने हुसकावलेले लोक स्ट्रासबर्गच्या मानवी हक्क न्यायालयात गेले, तेव्हा ब्रिटनने सांगितलं की या प्रदेशासाठी तशी घोषणा आम्ही कधी केलीच नव्हती. २०१२ मध्ये अर्ज फेटाळला गेला, मुख्यतः आधी स्वीकारलेल्या भरपाईकडे बोट दाखवून.