नळाच्या पाण्यात दडलेली वीज

पालिका पर्यावरणासाठी काय करते, असं विचारलं की छतावरचे सौर पॅनेल, एलईडी दिवे आणि झाडं दाखवली जातात. तिन्ही कामं चांगलीच आहेत. पण पालिकेचं वीजबिल खातेनिहाय उघडून बघितलं, तर अनेक ठिकाणी सर्वात मोठे आकडे पाणी उपसणाऱ्या, वर चढवणाऱ्या आणि सांडपाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रांसमोर दिसतात. ही यंत्रं दिवसरात्र चालतात आणि गावाबाहेरच्या पंपघरात असल्याने कुणाच्या नजरेस पडत नाहीत. ऊर्जाबचतीची सुरुवात तिथूनच व्हायला हवी, असं मला ठामपणे वाटतं.

हजार लिटर पाणी शंभर मीटर उंच चढवायला निसर्गनियमानुसार साधारण 0.27 युनिट वीज लागते. याहून कमीत ते काम जगातला कोणताही पंप करू शकत नाही. प्रत्यक्षात मोटर तापते, पंपाच्या आत पाणी घुसळलं जातं आणि पाइपाच्या भिंतीशी घर्षण होतं. पंप आणि मोटर मिळून कार्यक्षमता 60 टक्के असेल, तर त्याच कामाला 0.45 युनिट जातात. जुन्या, झिजलेल्या पंपाला त्याहूनही जास्त. या दोन आकड्यांमधलं अंतर हीच वाचवण्याजोगी वीज.

ते अंतर एवढं मोठं का राहतं? एक कारण आराखड्यातच असतं. पाणीयोजना पुढच्या वीस-तीस वर्षांची लोकसंख्या धरून आखतात. त्यावर सल्लागार थोडी सुरक्षितता धरतो, त्यावर आणखी कुणीतरी धरतो आणि शेवटी गरजेपेक्षा बराच मोठा पंप बसतो. मग पाणी जास्त जाऊ नये म्हणून पुढचा व्हॉल्व्ह अर्धवट बंद ठेवतात. गाडीचा ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून ब्रेकने वेग सांभाळावा, तसा हा प्रकार आहे. पंपाने पाण्याला दिलेली ऊर्जा दोन हात पुढे व्हॉल्व्हमध्येच वाया जाते. पंपघरात अशा व्हॉल्व्हजवळ उभं राहिलं की त्याची घरघर कानावर येते. व्हॉल्व्हच्या आधीच्या आणि नंतरच्या दाबमापकाचे काटे ताडून पाहिले, की किती दाब फुकट चालला आहे तेही कळतं.

इथे पंपाचा एक नियम कामी येतो. केंद्रोत्सारी (सेंट्रिफ्युगल), म्हणजे फिरत्या चक्राने पाणी बाहेर फेकणाऱ्या पंपाचा वेग कमी केला की प्रवाह त्याच प्रमाणात घटतो, पण लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात घटते. वेग 80 टक्क्यांवर आणला, तर प्रवाह 80 टक्के राहतो आणि शक्ती उरते अवघी 51 टक्के. मोटरचा वेग असा कमीजास्त करणारं इलेक्ट्रॉनिक उपकरण म्हणजे व्हीएफडी. मात्र विक्रेते हा घनाचा हिशेब सरसकट सांगतात, तिथे सावध राहायला हवं. तो पूर्णपणे लागू पडतो तो दाब मुख्यतः घर्षणावर खर्च होत असेल तेव्हा. टेकडीवरच्या टाकीत पाणी चढवायचं असेल, तर उंची काही कमी होत नाही. तिथे बचत बरीच कमी मिळते आणि वेग फार उतरवला तर पाणी टाकीपर्यंत पोचतच नाही. अशा ठिकाणी पंपाच्या आतलं फिरतं चक्र, म्हणजे इम्पेलर, लेथवर थोडं छाटून घेणं किंवा योग्य मापाचा पंप बसवणं जास्त शहाणपणाचं.

पंप सुधारला तरी पाणी वाटेत गळत असेल तर काय उपयोग? गळलेल्या प्रत्येक लिटरमध्ये ते उपसण्याची, शुद्ध करण्याची आणि चढवण्याची वीज आधीच ओतलेली असते. म्हणून गळती थांबवणं हे माझ्या मते ऊर्जाबचतीचंही काम आहे, फक्त पाणीबचतीचं नव्हे. ती शोधण्याची पद्धत सुरेख आहे. गावाचे छोटे विभाग पाडतात आणि प्रत्येक विभागाच्या तोंडाशी मीटर बसवतात. पहाटे दोन ते चारच्या सुमारास जवळपास सगळे झोपलेले असतात, तेव्हा मीटर जो प्रवाह दाखवतो त्यातला मोठा वाटा गळतीचा असतो. मग त्या विभागात माणूस धातूची लांब कांडी घेऊन फिरतो. कांडीचं एक टोक व्हॉल्व्हवर टेकवतो, दुसरं कानाला लावतो आणि दाबाखालून सुटणाऱ्या पाण्याचा फुसफुसाट ऐकतो. आता हे काम इलेक्ट्रॉनिक मायक्रोफोनही करतात, तरी सरावलेल्या कानाची किंमत अजून कमी झालेली नाही.

रात्री दाब थोडा उतरवला तरी फरक पडतो. ढोबळमानाने दाब दहा टक्के घटला की गळतीही तेवढीच घटते आणि पाइप फुटण्याचे प्रकार कमी होतात. पाणी ठरावीक तासांनाच सुटत असेल, तर पहाटेच्या मीटरची युक्ती चालत नाही. शिवाय रिकाम्या पाइपात भोवतालचं घाण पाणी शिरतं, तो धोका वेगळाच.

वापरलेलं पाणी पुढे शुद्धीकरण केंद्रात येतं. तिथे जिवाणू घाण खातात आणि त्यांना ऑक्सिजन लागतो. टाकीच्या तळाशी हवा सोडणारे ब्लोअर अशा केंद्राच्या विजेचा निम्मा किंवा त्याहून मोठा वाटा घेतात. इथे बुडबुड्याचा आकार निर्णायक ठरतो. दहा मिलिमीटर व्यासाच्या एका बुडबुड्यातली हवा दोन मिलिमीटरच्या बुडबुड्यांमध्ये वाटली, तर 125 बुडबुडे होतात आणि हवा-पाण्याचा स्पर्श होणारं क्षेत्रफळ पाचपट वाढतं. लहान बुडबुडे वर यायलाही जास्त वेळ घेतात. त्यामुळे तेवढ्याच हवेतून कितीतरी जास्त ऑक्सिजन पाण्यात विरघळतो. जोडीला पाण्यातला ऑक्सिजन मोजणारा सेन्सर बसवला, तर ब्लोअर गरजेपुरताच चालतो. नाहीतर रात्री मैला कमी येत असतानाही तो दुपारच्या जोमाने हवा फुंकत राहतो. जिवाणूंना दोन मिलिग्रॅम प्रतिलिटरच्या आसपास ऑक्सिजन सहसा पुरतो. त्यावरची हवा म्हणजे निव्वळ खर्च.

उरलेला गाळ हवाबंद टाकीत कुजवला की मिथेनयुक्त बायोगॅस मिळतो आणि त्यावर जनित्र चालतं. ऑस्ट्रियातल्या स्ट्रास इथल्या केंद्राने हवेचं नियंत्रण आणि बायोगॅस या दोन्हींकडे वर्षानुवर्षं बारकाईने लक्ष दिलं. परिणामी 2005 पासून ते स्वतः वापरतं त्याहून जास्त वीज तयार करतं. त्यांनी सुरुवात खर्च कमी करण्यापासून केली, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. गरज घटली की तेवढ्याच गॅसमध्ये जास्त भागतं.

रस्त्यावरच्या दिव्यांचं गणित त्यामानाने सोपं आहे. लॉस एंजेलिसने 2009 ते 2013 या काळात 1,40,000 हून जास्त दिवे बदलून एलईडी बसवले आणि त्या दिव्यांची वीज साधारण 63 टक्क्यांनी वाचवली. फक्त दिव्याचा रंग जपून निवडावा. निळसर पांढऱ्या प्रकाशाचा झोपेवर आणि निशाचर प्राण्यांवर वाईट परिणाम होतो. अमेरिकन मेडिकल असोसिएशननेही 2016 मध्ये 3000 केल्विन किंवा त्याहून उबदार प्रकाशाची शिफारस केली (केल्विन हे प्रकाशाच्या रंगाचं माप; आकडा जितका कमी, तितका प्रकाश पिवळसर).

तंत्र माहीत असूनही कामं अडतात ती बहुधा पैशाच्या वाटेवर. पंप एक विभाग विकत घेतो आणि बिल दुसऱ्याच लेखाशीर्षातून जातं. निविदेत सर्वात स्वस्त पंप जिंकतो. पण सतत चालणाऱ्या पंपाच्या आयुष्यभराच्या खर्चात खरेदीचा वाटा छोटा असतो, विजेचा मोठा. वीज वाचवणाऱ्या विभागाच्या हाती काहीच पडत नसेल, तर त्याने खटपट तरी का करावी? जर्मनीतल्या श्टुटगार्टने 1995 मध्ये यावर साधा उपाय काढला. पर्यावरण विभागाकडे एक फिरता निधी ठेवला. इतर विभागांच्या इमारतींतल्या आणि केंद्रांतल्या सुधारणांना त्यातून बिनव्याजी पैसे मिळतात. वाचलेल्या बिलातून रक्कम निधीत परत येते आणि पुढच्या कामाला जाते. हॅम्बुर्गच्या शाळांना 1994 पासून वाचवलेल्या खर्चाचा अर्धा हिस्सा स्वतःसाठी ठेवता येऊ लागला, तोही याच जातीचा उपाय.

अशा कोणत्याही व्यवस्थेला बदलाआधीच्या किमान वर्षभराच्या नोंदी लागतात: कोणत्या पंपाने किती पाणी, किती दाबाने, किती युनिटमध्ये चढवलं. अनेक पंपघरांत सगळ्या यंत्रांना मिळून एकच वीजमीटर असतो आणि प्रवाहमापक बंद पडलेला असतो. म्हणून पहिली खरेदी प्रत्येक पंपाच्या वेगळ्या मीटरची करावी. व्हीएफडी आणि सौर पॅनेलची निविदा त्यानंतर काढता येईल.