अबगार : एडेसाच्या राजाचे नाव आर्मेनियन आणि असिरियन घरांत कसे पोहोचले

आर्मेनियाच्या मध्यवर्ती बँकेने २००९ साली एक लाख द्रामची नोट काढली आणि तिच्यावर राजा अबगार पाचवा याला स्थान दिले. या राजाची राजधानी आजच्या आर्मेनियात नव्हती. ती आजच्या तुर्कस्तानच्या आग्नेय भागात, शानलिउर्फा या शहराच्या जागी होती. त्याच्या दरबारात आर्मेनियन नव्हे, तर अरामी भाषेचे स्थानिक रूप चालत असे, आणि रोमन इतिहासकार टॅसिटसने तर त्याला अरबांचा राजा म्हटले आहे. तरीही आर्मेनियन लोक त्याला आपला पहिला ख्रिस्ती राजा मानतात, अरामी भाषेच्या परंपरेतले ख्रिस्ती असिरियन लोकही त्याला आपलाच समजतात, आणि दोन्ही समाजांत अबगार हे मुलाचे नाव म्हणून आजही ठेवले जाते. एकाच नावावर दोन समाजांचा असा प्रेमाचा हक्क कसा निर्माण झाला, हे समजण्यासाठी फरात नदीच्या पूर्वेकडील एका छोट्या राज्यापर्यंत मागे जावे लागते.

सिकंदराचा सेनापती सेल्युकस याने इ.स.पू. ३०३-३०२च्या सुमारास एका जुन्या वस्तीच्या जागी शहर वसवून त्याला मॅसिडोनियातील एका गावाचे एडेसा हे नाव दिले. स्थानिक लोक मात्र त्याला उर्हाय म्हणत राहिले, आणि आजचे उर्फा हे नाव त्याच उच्चारातून उरले आहे. सेल्युकसच्या वंशजांची सत्ता ढिली पडल्यावर इ.स.पू. १३२च्या सुमारास येथे ओस्रोईन नावाचे स्वतंत्र राज्य उभे राहिले. त्याच्या राजांच्या यादीत दोन नावे पुन्हा पुन्हा येतात : अबगार आणि मआनू. ही नावे अरबी वळणाची आहेत, त्यामुळे राजघराणे मूळचे अरब टोळीतले असावे असे बहुतेक अभ्यासक मानतात. प्रजा मात्र मुख्यतः अरामी बोलणारी होती आणि तिचीच बोली पुढे सिरियाक या नावाने साहित्याची व उपासनेची भाषा झाली. पश्चिमेला रोम, पूर्वेला पार्थिया आणि उत्तरेला आर्मेनिया अशा तीन सत्तांच्या बेचक्यात सापडलेल्या या राजांना निष्ठा सतत तोलून धरावी लागे. इ.स.पू. ५३ मध्ये कॅऱ्हाईच्या लढाईत रोमन सेनापती क्रॅससचा जो विनाश झाला, त्याचा ठपका रोमन इतिहासकार डिओ कॅसियसने अबगार दुसरा याच्यावर ठेवला आहे. या लहान राज्याने सुमारे साडेतीन शतके तग धरला, ही साधी गोष्ट नव्हे.

या घराण्यातला सर्वांत थोर राजा अबगार आठवा होय. त्याने १७७ ते २१२ या काळात राज्य केले. त्याच्या नाण्यांवर एका बाजूस उंच मुकुट घातलेला तो स्वतः आणि दुसऱ्या बाजूस रोमन सम्राट सेप्टिमियस सेव्हेरस दिसतो. २०१ सालच्या नोव्हेंबरात एडेसातल्या दायसान नदीला पूर येऊन राजवाडा वाहून गेला. एडेसाच्या जुन्या बखरीत या आपत्तीचे जे वर्णन आहे, त्यात पडझड झालेल्या वास्तूंमध्ये ख्रिस्ती लोकांच्या प्रार्थनागृहाचाही उल्लेख येतो. याच दरबारात बारदायसान हा तत्त्वज्ञ होता. तो इतका निष्णात तिरंदाज होता की, त्याने समोर उभ्या असलेल्या तरुणाच्या ढालीवर बाण मारून त्याच तरुणाचा चेहरा रेखाटला, असे ज्युलियस आफ्रिकानस या समकालीनाने लिहून ठेवले आहे. सम्राटाकडे निघालेल्या भारतीय दूतांकडून ऐकलेली ब्राह्मण आणि श्रमणांविषयीची माहितीही याच बारदायसानने नोंदवली होती.

नाव मात्र अजरामर झाले ते या थोर राजामुळे नव्हे, तर त्याच्या दीडशे-दोनशे वर्षे आधी होऊन गेलेल्या अबगार पाचव्याशी जोडलेल्या एका कथेमुळे. उक्कामा, म्हणजे काळा, असे टोपणनाव असलेला हा राजा येशूचा समकालीन होता. कैसरियाचा बिशप युसेबियस याने चौथ्या शतकाच्या आरंभी लिहिलेल्या चर्चच्या इतिहासात ही कथा येते आणि ती आपण एडेसाच्या दफ्तरखान्यातील सिरियाक कागदांवरून घेतली, असे तो सांगतो. असाध्य रोगाने गांजलेल्या अबगारने येशूला पत्र पाठवले : तुम्ही औषधावाचून लोकांना बरे करता असे मी ऐकले आहे, तुमच्या विरोधात कारस्थाने चालली आहेत असेही कानांवर आले आहे, माझे नगर लहान असले तरी सुंदर आहे आणि ते आपल्या दोघांना पुरेल, तेव्हा इकडे या. येशूने उत्तर पाठवले की, मला न पाहता विश्वास ठेवणारा तू धन्य आहेस; मला येणे शक्य नाही, पण माझा एक शिष्य मी तुझ्याकडे पाठवीन. त्यानुसार तद्दय, ज्याला सिरियाक परंपरा अद्दाई म्हणते, तो एडेसात आला आणि राजा बरा झाला. पुढे सिरियाक भाषेत लिहिल्या गेलेल्या अद्दाईच्या वृत्तान्तात आणखी एक धागा मिळाला. राजाचा दूत हन्नान याने येशूचे चित्र काढून आणले, असे त्यात म्हटले आहे, आणि नंतरच्या काळात ते माणसाने काढलेले चित्र न राहता येशूच्या चेहऱ्याचा ठसा उमटलेले वस्त्र बनले.

या कथेने एडेसाला तीर्थक्षेत्र केले. ३८४च्या सुमारास पश्चिम युरोपातून आलेली एजेरिया ही यात्रेकरू स्त्री प्रेषित थोमाच्या अस्थींच्या दर्शनासाठी येथे आली होती. भारतात मृत्यू आलेल्या या प्रेषिताच्या अस्थी एडेसात आणल्या गेल्या, अशी परंपरा तेव्हा रूढ होती. बिशपने एजेरियाला जुना राजवाडा दाखवला, मोत्यासारखी झळाळणारी अबगारची संगमरवरी प्रतिमा दाखवली, मोठमोठ्या चकचकीत माशांनी भरलेली कुंडे दाखवली आणि दूत हन्नान ज्या वेशीतून पत्र घेऊन आत आला, त्या वेशीपाशीही नेले. तिला पत्रांच्या प्रती भेट मिळाल्या, तेव्हा आपल्या देशात असलेल्या प्रतींपेक्षा इथला मजकूर अधिक भरलेला आहे, असे तिने लिहिले. उर्फात माशांचे तळे आजही आहे. भाविक ते अब्राहामाशी जोडतात.

पत्र संकटापासून राखण करते, या श्रद्धेपोटी त्याचा मजकूर एफेसस आणि फिलिप्पी येथे दगडात कोरला गेला, तर इजिप्तमधील कॉप्टिक ख्रिस्ती लोकांनी तो ताईतांत लिहिला. ५४४ साली इराणचा सम्राट खोस्रो पहिला याने एडेसाला घातलेला वेढा फसला, त्याचे श्रेय पुढे येशूच्या चेहऱ्याचा ठसा असलेल्या त्या पवित्र प्रतिमेला दिले गेले. ९४४ साली बायझंटाइनांनी मुसलमान युद्धकैद्यांच्या सुटकेच्या बदल्यात ती प्रतिमा वाटाघाटीने मिळवून कॉन्स्टँटिनोपलला नेली. इतिहासकारांच्या दृष्टीने पत्रव्यवहार नंतरच्या काळात रचलेला आहे. रोमच्या चर्चमध्येही सहाव्या शतकापासून फिरणाऱ्या एका यादीने त्याला अप्रमाण लेखनात टाकले होते. हा निर्वाळा मान्य करूनही एक गोष्ट नजरेआड करता येत नाही. अबगार हे नाव टिकले ते या कथेमुळेच, कारण ओस्रोईनची राजवट तिसऱ्या शतकात संपली, तेव्हा या नावामागची राजसत्ता पूर्णपणे संपली होती. ज्या नावाला आधार देणारे सिंहासन उरले नाही, त्या नावाला श्रद्धेने आधार दिला.

सिरियाक भाषिक चर्चांना हे नाव घरचेच होते. एडेसाची बोली ही त्यांची धर्मभाषा, अद्दाई हा त्यांचा प्रेषित, आणि अबगार हा ख्रिस्ताला मानणारा जगातला पहिला राजा, अशी त्यांची धारणा आहे. आग्नेय तुर्कस्तानातल्या तूर आबदीनच्या डोंगराळ भागातील सिरियाक ऑर्थोडॉक्स गावांपासून पूर्वेकडील चर्चच्या अनुयायांपर्यंत आज जे लोक स्वतःला असिरियन म्हणवतात, त्यांच्या दृष्टीने हे नाव प्राचीन मेसोपोटेमिया आणि ख्रिस्ती धर्म या दोन्हींना सांधणारे आहे.

आर्मेनियात ते पोहोचले ते ग्रंथांच्या वाटेने. ४०५च्या सुमारास मेस्रोप माश्तोत्सने आर्मेनियन लिपी सिद्ध केली. त्या खटपटीत तो एडेसालाही गेला होता, आणि त्याच्या शिष्यांपैकी अनेकांना सिरियाक ग्रंथांच्या भाषांतरासाठी तेथेच पाठवण्यात आले. अद्दाईचा वृत्तान्त अशा रीतीने आर्मेनियन भाषेत उतरला. पुढे मोव्हसेस खोरेनात्सी या आर्मेनियन इतिहासकाराने अबगारला थेट आर्मेनियाच्या अर्शाकुनी राजवंशात बसवले आणि प्रेषित तद्दयाला मारणारा राजा सानात्रुक हा अबगारचा भाचा होता, असे नाते जुळवले. नावाचा अर्थही त्याने आर्मेनियनमधूनच काढला : लोक या राजाला ‘अवाग आयर’, म्हणजे थोर पुरुष, म्हणत आणि ग्रीक व सिरियन लोकांना ते उच्चारता न आल्याने त्याचे अबगार झाले. भाषाशास्त्राला ही व्युत्पत्ती मान्य नाही. मोठ्या पोटाचा या अर्थाच्या अरबी ‘अबजर’ शब्दाशी नाते जोडण्याकडे अभ्यासकांचा कल अधिक आहे. खोरेनात्सीची वंशावळ पुराव्यावर टिकत नाही, हे मान्य केले पाहिजे. पण आर्मेनियन लोकांनी अबगारवर सांगितलेला हक्क वंशावळीपेक्षा उपासनेच्या आधारावर उभा आहे, आणि मला तो अधिक भक्कम वाटतो. आर्मेनियन चर्चच्या मिस्साविधीत आजही श्रद्धावान राजांचे स्मरण केले जाते, तेव्हा अबगार, कॉन्स्टँटाइन, तिरिदातेस आणि थिओडोसियस अशी चार नावे घेतली जातात, आणि त्यांत अबगार पहिला असतो. जे नाव वेदीपाशी शतकानुशतके कानांवर पडत आले, ते पाळण्यात येणारच.

पूर्व आर्मेनियन उच्चारात हे नाव अबगार असे राहिले. पश्चिम आर्मेनियनमध्ये ब आणि ग यांचे प आणि क होतात, म्हणून तेथे ते ॲपकारच्या जवळ गेले. आडनाव म्हणून त्याचे अबगारियान झाले. राजघराण्याबाहेर हे नाव धारण करणाऱ्यांत सर्वांत मोठे काम केले ते तोकात गावच्या अबगार तोखातेत्सीने. हाकोब मेघापार्तने १५१२ साली व्हेनिसमध्ये पहिले आर्मेनियन पुस्तक छापले होते, पण त्यानंतर अर्धे शतक आर्मेनियन छपाई थांबली होती. अबगारने १५६५ साली व्हेनिसमध्येच आर्मेनियन स्तोत्रसंहिता छापून ती पुन्हा सुरू केली आणि १५६७ साली कॉन्स्टँटिनोपलमध्ये पहिला आर्मेनियन छापखाना उभारला. त्याच्या मुलाचे नाव सुलतानशाह होते. एका पिढीत बापाचे नाव एडेसाच्या ख्रिस्ती राजाचे आणि मुलाचे नाव सर्वस्वी मुसलमानी राजवटीच्या वळणाचे, यावरून त्या काळच्या आर्मेनियन समाजाच्या नावांवर किती दिशांनी प्रभाव पडत होता हे दिसते.

या नावाचा भारताशी आलेला संबंध मुंबईतून सुरू होतो. इराणमध्ये इस्फहानजवळच्या न्यू जुल्फा या आर्मेनियन वसाहतीतून आलेले व्यापारी अठराव्या शतकात मुंबईच्या कोटात स्थिरावले होते, आणि १७९६ साली मेडोज स्ट्रीटवर त्यांचे सेंट पीटर चर्च उभे राहिले. न्यू जुल्फातून असाच मुंबईत आलेला अरातून ॲपकार आणि त्याचे भाऊ यांनी १८१९ साली मुंबईत ॲपकार आणि कंपनी ही पेढी काढली. भारतातील आर्मेनियन कुटुंबांत बापाचे पाळण्यातले नाव आडनाव म्हणून लावण्याची चाल होती. आपल्याकडे मधले नाव वडिलांचे असते, तसेच हे. फरक इतकाच की, तेथे ते पुढच्या पिढ्यांना कायमचे चिकटले. १८३०मध्ये पेढीचे मुख्य ठाणे कलकत्त्याला हलले आणि चीनशी चालणाऱ्या व्यापारात, विशेषतः अफूच्या वाहतुकीत, तिच्या जहाजांनी जम बसवला. या व्यापाराने चीनमध्ये जे दुःख पेरले, ते पेढीच्या वैभवाबरोबर नोंदवलेच पाहिजे. कंपनीच्या जहाजांवर ॲपकार कुटुंबीयांची नावे रंगवलेली असत. त्यांपैकी १८६१ साली स्कॉटलंडमध्ये बांधलेले ‘अरातून ॲपकार’ हे जहाज पुढे मालक बदलल्यानंतर १८७८ साली फ्लोरिडाजवळच्या फाउई खडकांवर आदळून बुडाले आणि त्याचे अवशेष पाणबुडे आजही पाहतात. घराण्यातील सर ॲपकार अलेक्झांडर ॲपकार हे व्हाइसरॉयच्या कायदेमंडळाचे सदस्य होते. त्यांच्या नावात हा शब्द पाळण्यातले नाव म्हणून एकदा आणि आडनाव म्हणून एकदा, असा दोनदा येतो. १९१२ साली ब्रिटिश इंडिया स्टीम नेव्हिगेशन कंपनीने ही पेढी विकत घेतली, तरी कलकत्ता ते जपान या सेवेचे ॲपकार लाइन हे नाव तिने चालू ठेवले.

याच घराण्यातली सून, रंगूनमध्ये जन्मलेली डायना ॲपकार, जपानमध्ये योकोहामा येथे राहत होती. ऑटोमन साम्राज्यातून सायबेरियामार्गे जीव वाचवून आलेल्या आर्मेनियन निर्वासितांना तिने आसरा दिला, त्यांना पुढच्या प्रवासाची कागदपत्रे आणि जहाजाची तिकिटे मिळवून दिली. १९२० साली अल्पजीवी आर्मेनियन प्रजासत्ताकाने तिला जपानमधील मानद वाणिज्यदूत (कॉन्सल) नेमले. स्त्रीला असे पद मिळणे त्या काळी अत्यंत दुर्मिळ होते.

ज्या निर्वासितांसाठी ती झटली, त्यांच्या दुर्दैवाचा एक भाग अबगारच्या नगरातच घडला होता. १८९५ सालच्या डिसेंबरात उर्फातील आर्मेनियन कॅथीड्रलमध्ये आसऱ्याला गेलेल्या लोकांना जिवंत जाळण्यात आले. १९१५च्या नरसंहारात शहरातील आर्मेनियनांनी सशस्त्र प्रतिकार केला, पण तो मोडून काढण्यात आला. असिरियन लोक त्याच वर्षीच्या आपल्या संहाराला सैफो, म्हणजे तलवार, म्हणतात. उर्फात उरलेले सिरियाक ऑर्थोडॉक्स कुटुंबांचे लोक १९२४ साली एकत्रितपणे सीमेपलीकडे अलेप्पोला निघून गेले आणि तेथे त्यांनी स्वतःची वस्ती वसवली. अशा रीतीने जवळजवळ अठरा शतकांचे एडेसाचे ख्रिस्ती जीवन त्या शहरातून संपले.

त्यानंतर अबगार हे नाव त्याच्या नगराबाहेरच वाढले. अलेप्पोत, बेरूतमध्ये, येरेव्हानमध्ये आणि पुढे तूर आबदीनमधून स्थलांतरित झालेल्या असिरियनांच्या स्वीडनमधील सोडरटेलिएसारख्या शहरांत ते ऐकू येते. स्टॉकहोमच्या युरगॉर्डन संघाकडून खेळलेला अबगर बारसोम हा फुटबॉलपटू असिरियन वंशाचाच. हे नाव फार सर्रास ठेवले जात नाही, पण जेथे ठेवले जाते तेथे ते जाणीवपूर्वक निवडलेले असते : आर्मेनियन कुटुंबात ते बहुधा आजोबा-पणजोबांकडून चालत येते, तर असिरियन कुटुंबात उर्हायची आठवण जपण्यासाठी ते नव्याने उचलले जाते.